पट्टेबहादूरांचा निळा पाइप

धम्मपाल पट्टेबहादूरची गाडी चढावर दमायला लागली तो बुधवार होता. त्याच बुधवारी मेडशीहून फोन आला, की पंचफुला आत्याला तिचा नातू संघदीप कायमचा पुण्याला घेऊन जाणार आहे. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही, तिसऱ्या रविवारी. म्हणजे हातात अठरा दिवस होते. वाशिमहून मेडशी असं किती लांब? अठरा दिवसांत माणूस पायी जाईल, बहिणीकडे आठवडाभर राहील आणि पायीच परत येईल.

हा हिशेब धम्मपालने पुढे बराच वेळा केला. त्या बुधवारी मात्र त्याच्या डोक्यात गाडीच होती.

बहीण होती त्याच्या वडिलांची. शेषराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, एसटीच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं फिटर म्हणून काढलेले. पंचफुला त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. आईबाप मजुरीला गेले की तिनं या भावाला कडेवर घेऊन अख्खं गाव फिरायचं, असं बालपण. आता ती मेडशीचं घर बंद करून निघाली होती आणि त्या घरात तिच्याजवळ दोन दिवस बसून यावं, एवढीच शेषरावांची इच्छा होती.

"मी उद्याच जातो," ते म्हणाले. "सकाळी अकोल्याची यष्टी हाय. आपल्याले तिकीटबी लागत नाही."

"दारात गाडी उभी असताना तुमी यष्टीनं जाता?" धम्मपाल म्हणाला. "लोक काय म्हणतील? बहिणीच्या दारात गाडीनं उतरा. दोन रोज लागतील दुरुस्तीले, मंग मी सोतः नेतो तुमाले."

शेषरावांनी मान डोलावली. खरं सांगायचं तर त्यांनाही ते आवडलं. त्यांनी लगेच आत्याला फोन लावून सांगितलं, की धम्मा मले गाडीनं आणून राह्यला.

गाडी दहा वर्षांची होती, डिझेलची, दुसऱ्याकडून घेतलेली. पण मागच्या दारावर 'टर्बो' असं चंदेरी अक्षरांत लिहिलेलं होतं आणि धम्मपाल गाडी पुसताना ती अक्षरं दोनदा पुसत असे. रतनसिंग मिस्त्रीने बोनट उघडलं, आत हात घातला आणि तेलकट बोट बाहेर काढून दाखवलं.

"टर्बो चांगला हाय साहेब. पाइप फाटला."

ज्यांना गाडीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. टर्बो हवा दाबतो. दाबलेली हवा तापते. ती थंड करायला पुढे जाळीचा एक डबा असतो, त्याला इंटरकूलर म्हणतात. टर्बोपासून त्या डब्यापर्यंत आणि डब्यापासून इंजिनापर्यंत हवा नेणारे जे जाड नळ, ते इंटरकूलरचे पाइप. तो फाटला की हवा वाटेतच निसटते आणि गाडी दमेकऱ्यासारखी चालते. बस, एवढंच आहे. याच्याहून जास्त धम्मपाललाही त्या दिवशी माहीत नव्हतं, आणि तसंच राहिलं असतं तर बरं झालं असतं.

"कंपनीचा मांगवला तं आठ रोज लागतील," रतनसिंग म्हणाला. "श्रेयांसभाऊच्या दुकानात साधा रबरी हाय. तो आत्ता बसवून देतो."

इथं तुम्ही-आम्ही 'बसव' म्हणालो असतो. पण धम्मपाल जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात एकोणीस वर्षं ज्या टेबलावर बसला होता, त्या टेबलाचं काम एकच होतं: तुलनात्मक तक्ता करणं. तीन ठिकाणची दरपत्रकं मागवल्याशिवाय ऑफिसात साधी खुर्चीची वेताची विणसुद्धा बदलली जात नसे, ती त्याच्यामुळे. समोर एकच वस्तू आली की त्याला घाम फुटायचा. दुसरी कुठाय, तिसरी कुठाय, असं व्हायचं.

तो श्रेयांसच्या दुकानात गेला. श्रेयांस जैन तरुण माणूस, स्पेअर पार्ट विकताना उत्साहाने ज्ञानही द्यायचा. त्याने काउंटरवर एकेक नमुना मांडला. हा रबरी. हा सिलिकॉनचा, तापमानाला दाद देत नाही. आणि ॲल्युमिनियमचा हवा असेल तर तो मागवावा लागतो, पण त्यात हवा कशी, पाण्यासारखी पळते. गल्ल्यावर बसलेले त्याचे वडील कैलासचंद शेवटी म्हणाले, "साहेब, जुना दहा वर्षं चालला ना? मंग तसाच घ्या. डोस्क्याले ताप कायले करून घेता?"

धम्मपाल हसला. जुन्या पिढीकडे पाहून हसतात तसं.

संध्याकाळी प्रसेनजित फाटकाशी आला. हा शेजारी, कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारा. स्वतःकडे स्कूटर होती, त्यामुळे गाड्यांविषयी त्याची मतं अगदी निःपक्षपाती होती. त्याने चहा पिता पिता सांगितलं, की रबर दाबाखाली फुगतं आणि इंजिनाची पंचवीस टक्के ताकद त्या फुगण्यातच जाते. हा आकडा त्याने कुठून आणला ते त्यालाच ठाऊक. पण धम्मपालला तो आकडा रात्रभर डाचला. दहा वर्षं आपण पाऊण गाडीच चालवत होतो, असं त्याला वाटू लागलं.

मग तक्ता तयार झाला. उभे रकाने नऊ: उष्णता, दाब, आयुष्य, वजन, वळण, आतला व्यास, जोड, रंग, शेरा. आडव्या ओळी चार. धम्मपाल तो कागद जेवताना ताटाशेजारी ठेवू लागला. त्याची बायको पौर्णिमा सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. तिने वरणाचा थेंब त्या कागदावर पडू नये म्हणून तो दोनदा सरकवला आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "अहो, माणसाच्या काळजाची नस बदलून तो घरी येते एवढ्या दिवसांत. बाबाले यष्टीत बसवून देऊ का मी?"

"दोन दिवस," धम्मपाल म्हणाला.

पहिला रविवार गेला.

शेषरावांची पिशवी भरलेली होती. दोन सदरे, एक धोतर, गोळ्यांची डबी. आणि शनिवारी संध्याकाळी हळूहळू चालत जाऊन आणलेले पाव किलो पेढे, कारण आत्याच्या तोंडात दात राहिले नव्हते. सोमवारी पौर्णिमेने ते पेढे घरात वाटले. शेषरावांनी एक खाल्ला, चांगले हायत म्हणाले.

धम्मपालने निळ्या रंगाचा ॲल्युमिनियमचा संच मागवला. तो रंग पाहूनच मागवला, हे त्याने तक्त्यात लिहिलं नाही. संच तीन दिवसांनी वाशिमला आला आणि कुरिअरवाल्याचा फोन आला, "साहेब, बुद्धविहारापाशी उभा हाव."

"कोणत्या?"

"तुमीच सांगा कोणत्या."

दोघं दोन वेगवेगळ्या विहारांपाशी पाऊण तास एकमेकांची वाट पाहत उभे राहिले. शेवटी खोकं घरी आलं, उघडलं, तर पाइपाचं वळण उलटं. दुसऱ्याच गाडीचा संच. परत पाठवायच्या अर्जात कारणांची यादी होती: आवडला नाही, उशिरा आला, तुटलेला आला. 'डावीकडे वळायचा तो उजवीकडे वळतो' असं कारण यादीत नव्हतं. धम्मपालने आयुष्यभर लोकांचे अर्ज कारण चुकलं म्हणून परत पाठवले होते. आता त्याचा तीनदा परत आला.

तेवढ्यात प्रसेनजितला नवी शंका सुचली. गाडीच्या मूळ रचनेत बदल करणं कायद्यात बसतं का? धम्मपाल अर्धा दिवस रजा टाकून परिवहन कार्यालयात गेला. खिडकीतला माणूस भला होता.

"साहेब, हवेचा नळ बदलायले परवानगी कोण मांगते? बदला अन् जा घरी."

"हे मले लेखी द्या," धम्मपाल म्हणाला.

त्या माणसाने त्याच्याकडे पाहिलं, मग ओळखल्यासारखं हसला. लेखी पाहिजे तर अर्ज करा, आवक क्रमांक घ्या, साहेब रजेवरून आले की टिपणी ठेवतो. धम्मपालला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला आपल्या भाषेत बोलणारं कोणी भेटलं होतं. ते लेखी उत्तर यायच्या आत दुसरा रविवार गेला आणि घरात पुन्हा पेढे वाटले गेले.

त्याच आठवड्यात संघदीपचा पुण्याहून फोन आला. आजीला नेण्याची तयारी सांगता सांगता त्याने विचारलं, गाडी झाली का? धम्मपालने मोठ्या उत्साहाने सगळं सांगितलं. संघदीप हसला. वाईट हेतूने नाही, सहज हसला. "काका, दहा वर्षांच्या गाडीले रेसिंगचे पाइप कायले लावता? कुठं शर्यतीले चालले का?"

धम्मपालने फोन ठेवला. ते हसणं त्याला लागलं. आणि पुढं जे झालं त्याच्या मुळाशी पाइपापेक्षा ते हसणंच जास्त होतं, असं मला वाटतं.

बरोबर संच शुक्रवारी आला. शेषराव ओसरीवर बसले होते. त्यांनी पाइप हातात घेतला, टोकावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"याले काठ नाही रे धम्मा."

"कशाचा काठ?"

"टोकाले उंचवटा पाह्यजे. गुळगुळीत नळीवर रबर टिकत नाही, दाब आला की सटकते."

"बाबा, हे यष्टीचं नाही," धम्मपाल म्हणाला. "हे नवं तंत्र हाय."

शेषरावांनी पाइप खाली ठेवला. शनिवारी संध्याकाळी रतनसिंगने घाईघाईत संच बसवला. त्याला रविवारी पुतणीच्या लग्नाला जायचं होतं. गाडी एक चक्कर मारून आणली. निळा पाइप बोनटखाली असा चमकत होता, की धम्मपालला बोनट लावावंसं वाटेना.

तिसऱ्या रविवारी नऊ वाजता बापलेक निघाले. पौर्णिमेची ड्यूटी होती. संघदीप अकराला मेडशीहून निघणार होता. पुण्याचा रस्ता लांबचा, आणि म्हातारीला उजेड असेपर्यंत जास्तीत जास्त पुढं न्यायचं होतं. दहाला पोचलो तरी तासभर बसणं होईल, असा धम्मपालचा हिशेब होता. शेषराव पुढच्या सीटवर इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, मांडीवर पेढ्यांचा पुडा धरून बसले होते. गाडी खरोखरच छान पळत होती. दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या. मालेगावपर्यंत धम्मपाल पाइपाच्या आतल्या व्यासाबद्दल बोलत होता आणि शेषराव हं हं करत होते.

मालेगाव सोडून थोडा चढ आला. धम्मपालने जोर दिला. बोनटखाली फट् असा आवाज झाला, फुस्स करून हवा सुटली, मागे काळा धूर, आणि गाडी बैलगाडीच्या चालीने कडेला जाऊन थांबली.

"सटकला," शेषराव म्हणाले.

"तुमी बसून राहा बाबा. मी पाहतो."

त्याने पाहिलं. पाहण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं. निळा पाइप एकीकडे, सिलिकॉनची जोडनळी दुसरीकडे. त्याने ती दाबून बसवली, गाडी सुरू केली, पन्नास पावलांवर पुन्हा फट्. पुन्हा बसवली, पुन्हा फट्. रतनसिंगचा फोन लागत नव्हता, लग्नात बँड वाजत असणार. श्रेयांसने उचलला आणि सांगितलं की संचाची वॉरंटी आहे, फक्त पाइप परत पाठवावा लागेल.

पावणेअकराला संघदीपचा फोन. "काका, कुठवर आले? आजी दारात बसून हाय."

आता इथं धम्मपालने एक वाक्य सांगायला हवं होतं. मालेगावच्या पुढं रस्त्यात बंद पडलो. बस. संघदीप पंधरा-वीस मिनिटांत आजीला घेऊन तिथंच आला असता. त्याचा रस्ताच तो होता. पण धम्मपालला ते हसणं आठवलं.

"वाशिमातच हाव," तो म्हणाला. "ऑफिसचं एक अर्जंट काम निघालं. निघतोच आत्ता."

काचेतून शेषरावांनी त्याच्याकडे पाहिलं. ऐकू गेलं की नाही कळलं नाही.

साडेअकराला पुन्हा फोन. धम्मपाल म्हणाला, "निघालोच." सव्वाबाराला तिसरा. तेव्हा त्याचे हात काळे झाले होते, सदऱ्याला तेल लागलं होतं, आणि नवीन कोणती थाप मारायची ते सुचत नव्हतं. त्याने फोन वाजू दिला. वाजून वाजून तो थांबला.

त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी शेषराव दार उघडून खाली उतरले. रस्ता चौपदरी होता, मधे दुभाजक. ते पलीकडच्या बाजूला पाहत होते.

"पंचफुला गेली," ते म्हणाले.

"कुठं?"

"ते काय. पांढरी गाडी. मागच्या काचीपाशी बसली होती. वर तिची पेटी बांधली हाय. मी हात केला, पण ती तिकडच्या बाजूनं पाहून राह्यली होती."

"पांढऱ्या गाड्या ढीगभर जातात बाबा," धम्मपाल म्हणाला आणि खिशातून फोन काढला. संदेश आलेला होता. काका, तुमी फोन उचलला नाही. खूप वाट पाहिली, आता निघतो. आजी थोडी रडली. तुमी कामातून मोकळे झाले की पुण्याले या.

"लाव त्याले फोन," शेषराव म्हणाले. "मालेगावात थांब म्हणा. मी कशात बी बसून जातो मांगं."

धम्मपालने संघदीपचं नाव काढलं. अंगठा त्यावर धरला. फोन लावायचा म्हणजे सांगायचं, की आम्ही तीन तास इथंच उभे आहोत, तू आमच्या डोळ्यांसमोरून गेलास, वाशिम आणि ऑफिस सगळं खोटं होतं. हे तो वाक्यं जुळवून पाहत होता. वाक्यं काही जुळेनात.

"गाडी चालवत असंल तो," धम्मपाल म्हणाला. "उचलणार नाही."

आणि फोन खिशात ठेवला.

शेषरावांनी वाद घातला असता, रागावले असते, तर धम्मपालला पुढचे कित्येक दिवस जरा सोपे गेले असते. त्यांनी पेढ्यांचा पुडा सीटवर ठेवला, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि बोनटमध्ये वाकले.

"फडकं दे."

फडकं नव्हतं. त्यांनी आपला रुमाल काढला आणि पाइपाचं टोक आतून-बाहेरून पुसलं. "तेल हाय सगळं. तेलावर रबर कसं टिकंल?" मग रस्त्याच्या कडेचा एक खरखरीत दगड घेऊन त्यांनी ते निळं चकचकीत टोक घासलं. रंग निघाला, खाली पांढरा धातू दिसला. जोडनळी चार बोटं पुढं सरकवली, तिला आवळणारा क्लॅम्प मागं घेतला, खिशातून रुपया काढून स्क्रूच्या खाचेत बसवला आणि दोन्ही हातांनी पिळला. वीस मिनिटं लागली.

"लाव चालू."

गाडी चालू झाली. चढ चढली. सटकला नाही.

"बाबा, तुमाले येत होतं तं पहिलेच काहून नाही सांगतलं?" धम्मपालने विचारलं. काही प्रश्न तोंडातून सुटल्यावरच कळतं की ते विचारायचे नव्हते.

"सांगतलं होतं," शेषराव म्हणाले. थोडं पुढं गेल्यावर आणखी म्हणाले, "तू सगळ्यायले इचारलं. मास्तरले इचारलं, दुकानदारले इचारलं. म्या म्हटलं आता मलेबी इचारंल."

दुभाजकातून परत मालेगावकडे वळायच्या जागी धम्मपालने वेग कमी केला. "घरी जायचं?"

"मेडशीले चाल."

"आत्या तं नाही तिथं."

"घर तं हाय."

दाराला कुलूप होतं. शेषराव ओट्यावर बसले. अंगण सकाळीच सारवलेलं होतं, ओल अजून पुरती सुकली नव्हती. शेजारची विजयमाला बाहेर आली, तिने ओळखलं आणि घरात जाऊन फडक्यात बांधलेली भाकर आणि ठेचा आणला. "आत्या ठेवून गेल्या, मामा. म्हणे माहा भाऊ उशिरा आला तं उपाशी नोको जाऊ देऊ." शेषरावांनी पेढ्यांचा पुडा तिच्या हातात दिला. मग त्यांनी फडकं सोडलं, भाकर मधोमध मोडली आणि अर्धी धम्मपालच्या हातावर ठेवली. ठेचा फार तिखट होता. त्यामुळे डोळ्यांतून पाणी आलं तरी कोणी कोणाला विचारायची गरज पडली नाही.

पाइप त्यानंतर एकदाही सटकला नाही. परिवहन कार्यालयाचं लेखी उत्तरही महिनाअखेर आलं: सदर बदलास परवानगीची आवश्यकता नाही.

त्या रविवारनंतरच्या मंगळवारी संध्याकाळी पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. शेषरावांनी मोबाइल दोन्ही हातांनी तोंडासमोर धरला होता. धम्मपाल ऑफिसातून येऊन दारात चपला काढत होता, त्याला पडद्यावर आत्याचं अर्धं कपाळ तेवढं दिसत होतं.

"शेषा, काहून नाही आला रे?" आत्या म्हणत होती. "मी पाहून पाहून थकली. संघदीप म्हणे धम्मपालले ऑफिसचं काम होतं. रविवारी कोणतं ऑफिस राह्यते?"

धम्मपाल एक चप्पल पायात, एक हातात, तसाच उभा राहिला.

"ऑफिसचं कायचं," शेषराव म्हणाले. "माहं पोट बिघडलं होतं. तुले काळजी नको म्हणून तो तसा बोलला. तो तं नऊ वाजल्यापासून गाडी काढून उभा होता."

"अन् गाडी?"

"गाडी झकास हाय."

"दे बरं त्याले."

शेषरावांनी वळून पाहिलं. धम्मपाल दारात आहे हे त्यांना माहीत होतं की नव्हतं, चेहऱ्यावरून कळलं नाही. त्यांनी मोबाइल पुढं केला. धम्मपालने तो घेतला आणि जयभीम आत्या म्हणाला.

"जयभीम बाबू. चांगलं केलं, तशा तब्येतीत नाही आणलं त्याले," आत्या म्हणाली. "बापाले जपत जा. त्याचं पोट लहानपणापासून नाजूक हाय."

"हो आत्या," धम्मपाल म्हणाला.